खाऱ्या मातीतले मूळ

नागोठण्याला अंबा नदी दोन पाण्यांची होते. वरून, सह्याद्रीच्या अंगाने येते ते गोडे पाणी. खालून, धरमतरच्या खाडीतून भरतीबरोबर चढते ते खारे. या भरतीच्या जोरावरच एके काळी इथवर गलबते येत, आणि म्हणूनच हे गाव बंदर म्हणून नावारूपाला आले. गावाजवळचा जुना दगडी पूल सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधल्याचे सांगतात. प्रवासवर्णनांतून, गॅझेटियरांतून नागोठण्याची नोंद बहुधा या पुलासाठी आणि बंदरासाठी होते. या लेखाचा विषय मात्र पुलाच्या खालच्या अंगाचा आहे. नदीच्या दोन्ही काठांनी पेणच्या आणि अलिबागच्या दिशेने पसरलेला खारेपाट, त्यात पिकणारे तांबडे भात आणि त्या भाताचे मूळ.

भाताच्या इतिहासात मुळाला जागा मिळत नाही. सारा किती, बिघ्याला मण किती, खंड कोणी थकवला, याच्या नोंदी दफ्तरांत ढिगाने सापडतात. मुळाची नोंद कोण ठेवणार? तरी खारेपाटाचा इतिहास म्हणजे मिठाला मुळापासून लांब ठेवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. ती खटपट दोन ठिकाणी चालली, माणसांनी घातलेल्या बांधावर आणि रोपाच्या मुळात. पहिली कथा दफ्तरांत सापडते. दुसरी गेल्या सत्तर वर्षांत प्रयोगशाळांतून तुकड्यातुकड्याने बाहेर आली, आणि तिच्यात एका अमिनो आम्लाला, प्रोलीनला, मोठी भूमिका मिळाली. ती भूमिका जेवढी सांगितली गेली तेवढी खरी होती का, हाही प्रश्न आहेच.

आधी बांध. कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यात भातजमिनीची सरळ विभागणी आहे, गोडी आणि खारी. खारी जमीन म्हणजे भरतीच्या पाण्याखालचा, तिवरांचा चिखल बांध घालून कोरडा केलेला पट्टा. आंग्रे-पेशव्यांच्या काळात असे पट्टे उठवण्यासाठी उत्तेजन मिळाले. जो पैसा आणि माणसे उभी करून खाडीला बांध घालील त्याला त्या जमिनीत हक्क, अशी ती पद्धत. तिच्यातून पेण भागात ‘शिलोत्री’ हा खास वहिवाटीचा प्रकार निर्माण झाला. शिलोत्रीदाराने बाहेरकाठा, म्हणजे समुद्राच्या बाजूचा मुख्य बांध, राखायचा आणि त्याबद्दल कुळाने सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरावीक धान्य त्याला द्यायचे. काही गावांत मात्र मधला शिलोत्रीदार नव्हता. तिथे कुळेच एकत्र येऊन बांध राखत, आणि त्या एकत्र येण्याला ‘जोळ’ म्हणत. उधाणात बांधाला खांड पडली की घरटी माणूस निघायचे, चिखलाची ढेकळे हातोहात द्यायची आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवायची. न येणाऱ्याला दंड. सहकार हा शब्द कायद्याच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी ही माणसे तो चिखलात उभे राहून करत होती.

बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी मिठासकट बाहेर जाते. भरतीला दाबाने बंद होते. एवढ्या साध्या यंत्रावर सगळे पीक उभे. उन्हाळ्यात भूजलातले मीठ केशाकर्षणाने वर चढते आणि जमिनीवर पांढरा थर धरते. मृगाचा पाऊस पडला, शेत भरले, उघाडीतून वाहून गेले, पुन्हा भरले, असे काही वेळा झाले की वरचे वीतभर रान मूळ धरण्याजोगे होते. त्याच्या खाली मीठ असतेच. खारेपाटातली लावणीची तऱ्हाही यातूनच आली. वरकस आणि गोड्या जमिनीत राब भाजून रोपे करायची आणि मग लावायची. खाऱ्यात मात्र बी भिजवून, मोड आणून, चिखलात फेकायचे. याला रहू म्हणतात. उपटलेल्या रोपाची मुळे तुटतात, आणि तुटलेल्या मुळातून मीठ बेधडक आत शिरते, हे आज शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत सांगता येते. रहू टाकणाऱ्याला ती भाषा नको होती.

आणि बी कोणते? रता. खाडीकाठच्या तांबड्या तांदळाचे हे नाव. काळा रता, भुरा रता असे त्याचे भेद. दाणा जाड, भात तांबूस आणि पोटाला आधार देणारा. शहरी ताटात त्याला मान नाही. विसाव्या शतकात भातसंशोधनाला सरकारी आश्रय मिळाला, १९१९ मध्ये कर्जतला केंद्र सुरू झाले, आणि गावठी वाणांतून निवड करण्याचे काम पद्धतशीर झाले. त्या निवडीतून काळा रता १-२४ आणि भुरा रता ४-१० ही दोन नावे पुढे आली. नावापुढचे आकडे संशोधकांचे आहेत, नाव मात्र शेतकऱ्याचेच राहिले. हा काळा रता पुढे मिठाला टिकणाऱ्या भातांच्या जगभरच्या यादीत, केरळच्या पोक्कळीच्या आणि सुंदरबनच्या नोना बोक्राच्या शेजारी जाऊन बसला. रायगडातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

आता मुळाकडे वळू. भात हे मुळात मिठाला नाजूक पीक. जमिनीतल्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या वर गेली की त्याचे उत्पन्न घटू लागते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५०च्या आसपास असते. मीठ दोन तऱ्हांनी मारते. पहिली तऱ्हा तहानेची. बाहेरचे पाणी खारट झाले की ते मुळात शिरेनासे होते. शेतात गुडघाभर पाणी असून रोप तहानलेले राहते. दुसरी विषाची. सोडियम आत जाऊन पानांत साठतो, टोके करपतात. रोपाला सर्वांत धोका असतो तो कोवळ्या वयात, पहिल्या तीन-चार आठवड्यांत, आणि पुन्हा पोटरी-फुलोऱ्याच्या वेळी.

मूळ वाढते ते टोकाशी. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला तेव्हा मुळाच्या टोकाची तुलना एखाद्या खालच्या प्राण्याच्या मेंदूशी केली होती. उपमा जरा धाडसाची होती, पण निर्णय टोकाला होतात ही गोष्ट टिकली. टोकामागच्या काही मिलिमीटरांत पेशी लांबतात. पेशी लांबायची तर तिला आत पाणी ओढता आले पाहिजे, आणि बाहेर मीठ असेल तर आतले द्रावण त्याहून दाट हवे. ते दाट करायचे कशाने? सोडियमने केले तर पेशीच मरेल. म्हणून असे काही हवे, जे कितीही साठले तरी पेशीच्या कामात लुडबुड करणार नाही.

इथे अमिनो आम्ले येतात. प्रथिनांच्या या विटा. त्यांतली पहिली, ॲस्परॅजिन, १८०६ मध्ये वोकलँ आणि रोबिके या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी शतावरीच्या युरोपीय भावंडाच्या रसातून वेगळी केली. प्राणी काही अमिनो आम्ले अन्नातूनच घेतात, वनस्पतींना ती सगळी घरीच बनवावी लागतात. मुळाने मातीतून घेतलेला नत्र ग्लुटामेट या अमिनो आम्लात बांधला जातो आणि तिथून बाकीच्यांच्या वाटा फुटतात. प्रोलीन ही त्यांतली एक छोटी वाट. एक विकर ग्लुटामेटला अर्ध्या वाटेवर आणते, तिथे रेणू स्वतःच वळून कडे करतो, मग दुसरे विकर त्याला प्रोलीनचे रूप देते. पहिले विकर हा या वाटेवरचा जकातनाका. तयार प्रोलीन वाढले की ते स्वतःच जाऊन हा नाका बंद करते, म्हणजे गरजेपेक्षा जास्त माल निघत नाही.

एमिल फिशर यांनी १९०१ मध्ये दुधातल्या केसीनमधून प्रोलीन वेगळे केले. पुढे पन्नास वर्षे वनस्पतींच्या संदर्भात त्याची फारशी चौकशी कोणी केली नाही. १९५४ मध्ये केम्बल आणि मॅकफर्सन या दोघांनी कापून सुकत टाकलेल्या रायगवतातली अमिनो आम्ले मोजली. सुकताना प्रथिने तुटतात, त्यामुळे सगळीच अमिनो आम्ले वाढणार हे उघड होते. प्रोलीन मात्र हिशेबाबाहेर वाढले होते, प्रथिने तुटून निघाले असते त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे तहानलेले गवत ते मुद्दाम बनवत होते. १९७४ मध्ये स्टुअर्ट आणि ली यांनी समुद्रकाठच्या, मिठात राहणाऱ्या वनस्पती तपासल्या आणि त्यांच्यातही प्रोलीनचे साठे दाखवले. आपल्या खाडीतल्या तिवराने मात्र दुसरी युक्ती केली आहे. ते ग्लायसीन बीटेन नावाचे संयुग साठवते. भाताला तेही साधत नाही. म्हणून मिठात सापडलेल्या भाताच्या हाती प्रोलीनच उरते, असे मानायला जागा झाली.

मुळाशी थेट संबंध दाखवला तो अमेरिकेतल्या मिसुरीतील रॉबर्ट शार्प यांच्या गटाने. व्होएटबर्ग आणि शार्प यांनी १९९१ मध्ये मक्याचे कोवळे मूळ पाणी कमी असलेल्या माध्यमात वाढवले. रोपाचे खोड वाढायचे थांबले तरी मूळ वाढत राहिले, आणि ज्या टोकाकडच्या मिलिमीटरांत वाढ टिकून होती, तिथेच प्रोलीन दाटलेले सापडले. पेशीच्या द्रावणात झालेल्या वाढीचा जवळजवळ निम्मा वाटा त्या एका अमिनो आम्लाचा होता. वरचे अंग थांबवून खालचे चालू ठेवायचे, पाणी शोधत राहायचे. दुष्काळात घरातला एक माणूस मुंबईला पाठवण्यासारखे हे आहे.

यानंतर गोष्टीत आपली मटकी येते. ओहायो राज्य विद्यापीठात देशपाल वर्मा यांच्या प्रयोगशाळेला ‘जकातनाक्या’चे जनुक हवे होते. ते १९९२ मध्ये हू, डिलॉनी आणि वर्मा यांनी मटकीतून वेगळे केले. पद्धत सुंदर होती. प्रोलीन बनवता न येणारे जिवाणू घ्यायचे, त्यांच्यात मटकीची जनुके एकेक घालायची, आणि कोणता जिवाणू जगतो ते पाहायचे. जगलेल्यात हवे ते जनुक. मटकीच्या मुळांना मीठ दिले की हे जनुक जोराने कामाला लागते, हेही त्यांना दिसले. कोरडवाहू रानात, हलक्या जमिनीत, इतर काही येत नाही तिथे येणारी मटकी. मिसळीत तिला मोड आणून घालणाऱ्या आपल्या लोकांना तिच्या या कर्तबगारीची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले पी. बी. कवी किशोर वर्मा यांच्या गटाबरोबर काम करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मटकीचे हे जनुक तंबाखूत घातले. त्या तंबाखूत प्रोलीन नेहमीच्या १० ते १८ पट झाले. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, ताणाखाली त्या रोपांच्या मुळांचे वजन साध्या रोपांपेक्षा जास्त भरले. फुलेही बरी आली. १९९८ मध्ये तेच जनुक भातात गेले आणि मिठात व तहानेत त्या भाताची वाढ अधिक झाल्याचे प्रसिद्ध झाले. अमिनो आम्ल घडवण्याची क्षमता वाढवली की मूळ वाढते, मूळ वाढले की पीक तगते, अशी सरळ रेघ आता कागदावर होती. खारेपाटाचा प्रश्न एका जनुकाने सुटेल असे वाटायला लावणारे ते दशक होते.

पण रेघ इतकी सरळ नव्हती. बेल्जियमच्या लुट्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मिठाला टिकणारे आणि न टिकणारे असे भाताचे वाण शेजारी शेजारी ठेवून तपासले. टिकणारा वाण होता सुंदरबनचा नोना बोक्रा. प्रोलीन जास्त साठले ते न टिकणाऱ्या वाणात! त्यांचा निष्कर्ष असा की भातात प्रोलीनचा साठा ही प्रतिकाराची नव्हे तर इजेची खूण आहे. ताप आला म्हणजे शरीर लढते आहे हे खरे. पण ज्याचा ताप सर्वांत जास्त तो सर्वांत निरोगी, असे कोणी म्हणत नाही. माझ्या मते तंबाखूच्या आणि मक्याच्या प्रयोगांना यामुळे बाध येत नाही. मुळाच्या टोकाला, तहानेच्या पहिल्या तासांत, प्रोलीन उपयोगाचे असते. पण पानात ते किती साठले यावरून वाण निवडणे ही वेगळी गोष्ट, आणि त्या मोजमापावर खर्ची पडलेल्या प्रबंधांची संख्या आपल्या कृषी विद्यापीठांत कमी नसावी.

मग जुन्या खाऱ्या वाणांची खरी ताकद कशात आहे? बऱ्याच अंशी बांधात, असे म्हणावे लागते. मुळाच्या आतल्या भागाभोवती मेणासारख्या पदार्थाचा एक पट्टा असतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कास्पारी यांचे नाव त्याला मिळाले आहे. पाणी आणि क्षार पेशींच्या फटींतून सरळ आत घुसू नयेत, पेशीच्या दारातून तपासून जावेत, हे त्याचे काम. भाताचा हा बांध कच्चा आहे. यो आणि फ्लॉवर्स यांच्या इंग्लंडमधल्या गटाने १९८०च्या दशकात दाखवले की भातात बराचसा सोडियम या बांधाला वळसा घालून, मुळाला उपमुळे फुटतात त्या जागच्या आणि टोकाजवळच्या फटींतून, खांडीतून यावा तसा आत येतो. आणि आत आलेला परत काढणारी उघाडीही असते. २००५ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी नोना बोक्रातून एक जनुक वेगळे केले. त्याचे प्रथिन मुळातल्या रसवाहिनीलगतच्या पेशींवर बसते आणि वर पानांकडे निघालेला सोडियम रसातून काढून घेते. खारेपाटातल्या कोणाही म्हाताऱ्याला ही रचना समजावायला दोन मिनिटे लागणार नाहीत.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली, दुसरा रस्ता धरला होता. जनुक एकटे काढण्याऐवजी वाणाला वाण जोडायचा. १९८०च्या दशकात आलेल्या ‘पनवेल १’चे आईबाप पाहा. एक फिलिपिन्सचा आयआर ८, हरित क्रांतीचा बुटका, भरघोस लोंब्यांचा. दुसरा भुरा रता ४-१०. उत्पन्न परदेशी, मुळाचा शहाणपणा खारेपाटाचा. या वाणाच्या वंशावळीत जी ओळ आहे ती शिलोत्रीच्या आणि जोळाच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखले म्हणून आहे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या ओळीत नाही.

ज्या गावांनी हे बी राखले त्यांच्यावर मात्र बांधाबाहेरूनच नव्हे, आतूनही संकटे आली. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे थांबवले. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला, आणि त्यातून खोतीच्या अन्यायाचा प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळापर्यंत गेला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे ही कुळे होती. सहा वर्षे नांगर न धरणे म्हणजे काय, हे उपासमार सोसलेल्यांनाच माहीत. बियाण्याच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. भाताचे बी घरात ठेवून सहा वर्षे उगवणशक्ती टिकवत नाही. कोणीतरी कुठेतरी ते दर वर्षी पेरत राहिले असले पाहिजे.

१९४८ मध्ये मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला. बांध सरकारकडे आले. पक्के दगड, लोखंडी उघाड्या, अभियंते, अंदाजपत्रके. त्याने जमीन वाचली, हे मान्य केले पाहिजे. वादळी उधाणापुढे चिखलाची ढेकळे किती पुरणार? पण जोळ मोडला. खांड पडली की आता अर्ज जातो. अर्ज मंजूर होईपर्यंत भरत्या थांबत नाहीत. खाऱ्या पाण्याखाली गेलेले शेत पुन्हा पिकाला यायला निदान दोन-तीन पावसाळे जावे लागतात, आणि तेवढ्यात तिवरे उगवली तर ते शेत कायद्याच्या नजरेत वनच होऊन बसते. मग कसणाऱ्याने काय करावे? अनेकांनी बांधाआड कोळंबीचे तलाव केले, अनेकांनी जमिनी विकल्या.

विकायला नकार देणारेही होते. मुंबईलगत प्रचंड विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्यासाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या जमिनी घेण्याची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. असे मतदान देशात नवलाचेच होते. तो प्रकल्प उभा राहिला नाही. वाद चालला तो मोबदल्याच्या आणि पाण्याच्या भाषेत, आणि ते योग्यच होते. तांबड्या भाताचे नाव त्यात निघण्याचे कारण नव्हते. पण जमीन गेली असती तर तेही गेले असते.

बियाणे पेढीत, उणे तापमानात, काळा रता सुरक्षित आहे असे म्हणता येते. तिथे त्याची जनुके राहतात. राहत नाही ते दर वर्षीचे वेळापत्रक: कोणत्या पावसानंतर उघाडी उघडायची, मीठ उतरले हे पायाला कसे कळते, रहू किती दाट फेकायचा, कोणत्या उधाणाला जागे राहायचे. शिवाय पेढीतले बी बदलत नाही, आणि समुद्र बदलतो आहे. शेतात असलेला वाण दर पावसाळ्यात थोडा चाळला जातो. जे रोप मिठात तगले त्याचेच बी पुढच्या वर्षी मोड आणायला भिजत पडते. नागोठण्याच्या खालून, वढाव-वाशी-शिर्कीच्या अंगाने, भात पेरणाऱ्यांच्या कोठीत आज पनवेलचे सुधारित वाण जास्त आणि रता कमी. जिथे रता टिकून आहे तिथे तो बहुधा सगळ्यांत खालच्या, बाहेरकाठ्याला लागून असलेल्या तुकड्यात आहे, जिथे दुसरे काही येतच नाही.